जखमेचा दाखला

दरवर्षी 7 डिसेंबर जवळ आला की आमच्या शाळेत ध्वजदिनाच्या तिकिटांचा गठ्ठा येतो. लाल, गडद निळा आणि आकाशी अशा तीन रंगांचा छोटा कागदी झेंडा. 1949 सालापासून हा दिवस पाळला जातो. वर्गवार वाटप, मग वसुली, मग मुख्याध्यापकांच्या टेबलावर हिशेब, आणि न खपलेली तिकिटे शेवटी आम्हा शिक्षकांच्या खिशातून. आम्ही नोकरीला लागलो त्या वर्षी हे काम आमच्या गळ्यात पडले ते आजतागायत आमच्याकडेच आहे. नव्या शिक्षकाकडे सरकवलेले काम तो जुना झाला तरी सुटत नाही, हे सगळ्या शाळांत सारखेच असावे.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात तिकिटे वाटत असताना एका मुलाने विचारले, "सर, ये पैसे किसकू मिलते?"

आम्ही सांगितले, लढाईत जखमी झालेल्या फौजींना, शहिदांच्या घरच्यांना, माजी सैनिकांना.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "उनकू सरकार देती नै क्या? फिर हम कायकू?"

वर्ग हसला. आम्हीही हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. जखमी सैनिकाला समाज जे देतो ते नेमके काय असते? खैरात? आभार? की फेडायचे राहून गेलेले कर्ज? खैरात असेल तर ती देणाऱ्याच्या मर्जीवर. आभार असतील तर ते वर्षातून एकदा मानले की झाले. आणि कर्ज असेल तर कर्जदाराने सावकाराला स्टेजवर बसवून त्याच्या गळ्यात हार घालणे हा प्रकार जरा विचित्रच म्हणायचा.

आम्ही उर्दू शिकवतो, म्हणून आमचे लक्ष आधी शब्दांकडे जाते. शरीराने अधू माणसाला उर्दूत 'माज़ूर' म्हणतात. हा शब्द 'उज़्र'वरून आला. उज़्र म्हणजे सबब, न येण्याचे, न करण्याचे मान्य होण्याजोगे कारण. माज़ूर म्हणजे ज्याची सबब मंजूर झाली तो. गैरहजर मुलाची चिठ्ठी आम्ही जशी मंजूर करतो तशी. मराठीत 'अपंग' होता, आता 'दिव्यांग' आला. एक शब्द उणीव मोजतो, दुसरा एकदम आभाळात नेऊन बसवतो. माज़ूर मात्र आपण अशा माणसाशी प्रत्यक्षात कसे वागतो तेच सांगून जातो. आपण त्याला माफ करतो. तुला काही करायला नको, तू बस, असे म्हणतो. आम्हाला हा शब्द आधी फार सभ्य वाटायचा.

आमच्या मोहल्ल्यात एक फौजी चाचा आहेत. गाव कृष्णाकाठचे, तालुक्याचे. चाचा लष्करात ड्रायव्हर होते. डावा पाय गुडघ्याखाली नाही. पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात बसवलेला पाय लावून ते चालतात. 1944 साली, दुसरे महायुद्ध चालू असताना सुरू झालेले हे केंद्र, आणि त्याचे नाव चाचा आजही एखाद्या पीराच्या दर्ग्याचे घ्यावे तसे अदबीने घेतात. लुंगीखालून तो पाय दिसतो. लहान मुले त्याला हात लावून बघतात आणि चाचा लावू देतात.

एका 26 जानेवारीला शाळेने त्यांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि आमचे प्रास्ताविक. आम्ही रात्री बसून ते लिहिले. लिहिता लिहिता लेखणी कारगिलपर्यंत पोहोचली. बर्फ, शत्रूच्या गोळ्यांचा वर्षाव, मातृभूमीसाठी दिलेला पाय. चाचा कुठे आणि कसे जखमी झाले हे त्यांना विचारावे असे आम्हाला एकदाही वाटले नाही. फौजी, पाय नाही, आमच्या लहानपणची लढाई कारगिलची, म्हणजे कारगिलच असणार. टाळ्या खूप पडल्या. स्टेजला तीन उंच पायऱ्या होत्या. दहावीच्या चार मुलांनी चाचांना खुर्चीसकट उचलून वर ठेवले, जसा गणपती ठेवावा.

चाचांनी माइक मागितला. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे भाषण नव्हते. म्हणाले, "सरने मेरेकू कारगिल भेज दिये. मैं उधर गयाच नै. मैं सिक्कीम में था. राशन की गाडी लेके जा रहा था, रस्ता धसा, गाडी नीचे गयी. पाव दब गया. बस इतना है. अब ताली बजाना है तो बजाव."

कुणी वाजवली नाही. आम्ही मान खाली घालून बसलो. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी आम्हाला शरम कमी आणि राग जास्त आला. या माणसाने गप्प बसायला काय हरकत होती? कुणाचे काय नुकसान होत होते?

नुकसान कुणाचे होत होते ते कळायला आम्हाला बरेच दिवस लागले. आम्हाला चाचांचा सत्कार करायचाच नव्हता. आम्हाला एका जखमेचा सत्कार करायचा होता, आणि ती जखम आमच्या भाषणाला शोभेल एवढी मोठी हवी होती. रेशनच्या गाडीखाली सापडलेला पाय आम्हाला पुरला नसता. पण वर चौकीत बसलेला जवान त्या गाडीतली डाळ-तांदूळ खाऊनच बंदूक धरणार होता ना?

ही खोड फक्त आमची नाही, कायद्यातही ती आहे. लढाईत झालेली जखम आणि सेवेत असताना अपघाताने झालेली जखम यांची पेन्शन वेगवेगळी, पहिलीची जास्त, दुसरीची कमी. यामागे काही विचार आहे हे आम्ही नाकारत नाही. गोळी समोर दिसत असताना पुढे जाणे आणि घाटात गाडी चालवणे यांत फरक आहेच. धैर्याला वेगळा मान द्यावा, पदक द्यावे, चौकाला नाव द्यावे. पण पाय गेल्यावर जिना चढताना, संडासला बसताना, पावसाळ्यात खुंटाला फोड येतात तेव्हा, हे दोन पाय वेगवेगळे कसे? गेलेल्या पायाला तो कसा गेला हे आठवत नाही.

मग टक्केवारी. वैद्यकीय मंडळ अपंगत्वाचे टक्के ठरवते, आणि साधारण नियम असा की 20 टक्क्यांच्या खाली अपंगत्वाची पेन्शन नाही. आम्ही शिक्षक 35 टक्क्यांना पास करतो, इथे 20 ला पास. चाचा हसत म्हणतात, "मैं तो फर्स्ट क्लास हूं सर, साठ टक्का." पण टक्के मोजण्याआधी आणखी एक परीक्षा असते. हा आजार, ही इजा सेवेमुळे झाली की सेवेमुळे वाढली? ते कुणी सिद्ध करायचे? 2013 साली सर्वोच्च न्यायालयापुढे धरमवीर सिंग या सैनिकाचे प्रकरण आले. सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारामुळे त्यांना काढले होते आणि पेन्शन नाकारली होती. न्यायालयाने म्हटले ते अगदी घरगुती शहाणपणाचे आहे. भरतीच्या वेळी तुम्हीच तपासून त्याला निरोगी म्हणून घेतले, तशी नोंद केली, तर नंतर झालेला आजार सेवेतलाच धरायला हवा, आणि तसा नसेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकाची नव्हे, तुमची. एवढे ऐकायला त्या माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

आणि ज्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही त्यांचे काय? राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, भारतीय सैनिकी अकादमी अशा ठिकाणी प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन घरी गेलेले तरुण. 1985 पासून त्यांची संख्या सुमारे 500 असल्याच्या बातम्या 2025 साली आल्या. कमिशन मिळण्याआधी इजा झाली म्हणून ते 'माजी सैनिक' नव्हेत, आणि माजी सैनिक नव्हेत म्हणून त्या सवलतीही नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपणहून याची दखल घेतली, त्यानंतर माजी सैनिकांची आरोग्य योजना त्यांना लागू करण्याचा निर्णय झाला. अठराव्या वर्षी मान मोडून अंथरुणाला खिळलेल्या मुलाला आपण विचारत होतो की तू सैनिक होतास याचा दाखला काय?

इथे एक आक्षेप आम्ही स्वतःलाच घेतला, आणि तो सोपा नाही. आमच्या मामूंची उजव्या हाताची दोन बोटे इचलकरंजीत मागावर गेली. मालकाने पट्टीचे पैसे दिले आणि पुढच्या आठवड्यात मागावर दुसरा माणूस उभा केला. मामूंसाठी कुठली तिकिटे खपतात? गटारात उतरणारा सफाई कामगार, उसाच्या चरकात हात गेलेला मजूर, हेही कुणाच्या तरी गरजेसाठीच जखमी होतात. मग सैनिकाचाच हक्क वेगळा का? मोहल्ल्यातली तरुण मुले हे विचारतात. त्यांना देशद्रोही ठरवून प्रश्न मिटत नाही.

आम्हाला जे सुचते ते एवढेच. मामूंना, निदान कागदावर, 'हा माग बिघडला आहे, मी चालवणार नाही' म्हणता येत होते. चाचांना, हा रस्ता धसणारा आहे, मी गाडी नेणार नाही, असे म्हणता येत नव्हते. घटनेच्या 33 व्या कलमाने सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. सैनिकाला युनियन नाही, संप नाही, हुकमाला नकार नाही. त्याने 'नाही' म्हणण्याचा हक्क आपल्याकडे ठेवायला दिला. जो माणूस नाही म्हणू शकत नाही त्याला पाठवणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते, मग त्याला गोळी लागो की त्याच्यावर दरड कोसळो. मात्र याच हिशेबाने पाहिले तर पोटासाठी नाही म्हणू न शकणारे मामूही फार दूर उभे नाहीत. सैनिकाचा हक्क मोठा मानल्याने मामूंचा लहान होत नाही. झाला तर तो स्पष्टच होतो.

दाखला न मागता जखम बघणे कसे असते याचे एक उदाहरण लढाईतच आहे. 1971 साली सिल्हेटच्या आघाडीवर गोरखा रायफल्सचे एक अधिकारी इयान कार्डोझो यांचा पाय भूसुरुंगावर पडला. हे मूळ मुंबईचे. पायाचा चेंदामेंदा झालेला, वेदना मारायला मॉर्फिन नाही. त्यांनी आपल्या जवानाला पाय कापायला सांगितले, त्याचा हात उचलेना, तेव्हा खुकरी घेऊन तो स्वतः कापला. पुढची शस्त्रक्रिया केली ती युद्धकैदी झालेल्या पाकिस्तानी लष्करातल्या एका सर्जनने, मेजर मोहम्मद बशीर यांनी. कार्डोझो आधी तयार नव्हते, मग झाले. बशीर स्वतः कैदी, समोर शत्रूचा अधिकारी, आणि त्याच्या पायाला टाके घालायचे. त्यांनी ते घातले.

ही हकीकत सांगताना लोक इथेच थांबतात, कारण ती इथे फार सुंदर होते. आम्हाला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कार्डोझो लाकडी पाय लावून परत आले आणि त्यांनी आपल्या बटालियनचे नेतृत्व मागितले. लष्कर तयार होईना. इथे तोच आपला 'माज़ूर' आडवा आला. तुम्ही खूप केलेत, आता टेबलावरचे काम करा. ते धावून, डोंगर चढून दाखवत राहिले. शेवटी पायदळाच्या बटालियनचे आणि पुढे ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ते भारतीय लष्करातले पहिले अपंग अधिकारी ठरले. म्हणजे त्यांना दोनदा लढावे लागले, आणि दुसरी लढाई त्यांचे भले चिंतणाऱ्यांशी होती.

आमच्या जिल्ह्यातही असा एक माणूस आहे. पेठ-इस्लामपूर भागातले मुरलीकांत पेटकर. लष्करात बॉक्सिंग करायचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचार म्हणून पाण्यात उतरवले ते पोहायलाच लागले, आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक घेऊन आले. पद्मश्री मिळाली 2018 साली. मधल्या 46 वर्षांचा हिशेब कुणी मागितला नाही. युद्धानंतर मदत देऊ केली गेली तेव्हा त्यांनी पैशाऐवजी नोकरी मागितली आणि पुण्यात टेल्कोत काम केले, असे त्यांच्याविषयी छापून आले आहे. आता त्यांच्यावर सिनेमा निघाला, मुलांना ते ठाऊक झाले, चांगलेच झाले. पण सगळ्याच जखमींना सुवर्णपदक आणता येत नाही. आणायची गरजही असू नये. जखम मोठी हवी ही एक हाव, तसा जखमीचा पराक्रमही मोठा हवा ही दुसरी. चाचांना पोहता येत नाही, आणि त्यात काही बिघडत नाही.

पुण्याजवळ खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावून परतलेल्या हिंदी सैनिकांसाठी 1917 साली मुंबईत ती सुरू झाली, पुढे खडकीला आली. जायबंदी सैनिकाला हुन्नर शिकवायचा, एवढेच तिचे काम. शंभराहून जास्त वर्षे ते चालले आहे. त्याच खडकीत 1974 पासून कण्याला इजा झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. तिथे मानेखाली हालचाल नसलेली माणसे तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात, चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात. या संस्थांमागची कल्पना आम्हाला फार शहाणी वाटते. सैन्यात रोज पहाटे कुणीतरी हुकूम देतो, उठ, तुझी गरज आहे. घरी परतलेल्या जखमीला हा आवाज येईनासा होतो. पेन्शन येते, शाल येते, डॉक्टरची तारीख येते. उद्या सकाळी तू आला नाहीस तर काम अडेल, असे मात्र कुणी सांगत नाही.

सत्कारानंतर महिनाभराने आम्ही माफी मागायला चाचांच्या घरी गेलो. चहा झाला. आम्ही माफी मागितली. ते म्हणाले, "छोडो सर. घर में शालां भोत हो गये. कुछ काम हो तो बोलो."

चाचींनी आतून सांगितले, "काम बोलो सर, दिनभर घर में बैठके मेरा दिमाग खाते."

या चाचींविषयी थोडे सांगायला हवे. पूर्ण अपंगत्व आलेल्या सैनिकाला सतत सोबतीसाठी सरकार भत्ता देते. चाचांचे साठ टक्के, म्हणून तो नाही. पण सोबत तर लागतेच. पहिली दोन वर्षे खुंटाची पट्टी चाचींनी बदलली. रात्री नसलेल्या पायाचा अंगठा दुखतो म्हणून ते ओरडत उठायचे तेव्हा त्या नसलेल्या अंगठ्याच्या जागी हात फिरवत बसायच्या. चाचांचा संताप, मुलांवर उगारलेला हात, दाराला घातलेली कडी, हे सारे त्यांनी झेलले. सैनिकाला नागरी जीवनात परत आणायचे म्हणजे काय, हे विचारायचे तर खडकीआधी या घरात विचारावे. कारगिलमध्ये सरकारी आकड्यानुसार 527 शहीद झाले आणि 1,363 जखमी. पहिला आकडा आमच्या मुलांना पाठ आहे. दुसरा आम्हालाही हल्लीपर्यंत माहीत नव्हता, आणि त्या प्रत्येकामागच्या चाची तर कुठल्याच आकड्यात नाहीत.

आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो आणि चाचांना आठवड्यातून दोनदा कार्यानुभवाच्या तासाला बोलावू लागलो. पंक्चर काढणे, सायकलची चेन बसवणे, फ्यूज घालणे. मुले खूश. पण गोष्ट इथे गोड झाली असे कुणी समजू नये. तिसऱ्या महिन्यात चाचांनी एका मुलाला पाना फेकून मारला. लागला नाही, पण लागला असता. मुलाचे वडील शाळेत आले. स्टाफरूममध्ये सगळ्यांचे मत पडले की आता त्यांना यायला नको सांगावे, पण हळूच, त्यांचे मन न दुखवता. बिचारे फौजी आहेत, भोगलेले आहेत. सत्र संपल्याचे निमित्त सांगू.

म्हणजे पुन्हा सबब, या वेळी आमच्याकडून. आम्ही म्हणालो, दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाने पाना फेकला असता तर आपण काय केले असते? सगळे गप्प. मग आम्हीच गेलो आणि चाचांना, ते वयाने मोठे असूनही, तोंडावर सांगितले की हे चालणार नाही, मुलाची आणि त्याच्या वडिलांची माफी मागावी लागेल, आणि पुन्हा झाले तर तास बंद. आमचे पाय लटपटत होते. चाचा लाल झाले. "मेरेकू सिखाते क्या?" म्हणाले. आम्ही उठून आलो. दोन आठवडे ते आले नाहीत. वाटेत दिसले तर तोंड फिरवायचे. आम्ही बरोबर केले की चूक, हे आम्हाला त्या दोन आठवड्यांत ठरवता आले नाही, आणि आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. रात्रीची झोप नसलेल्या, नसलेला पाय दुखणाऱ्या माणसाकडून इतरांएवढाच संयम मागणे हा न्याय की निर्दयपणा? कदाचित दोन्हींमधली रेघ फार बारीक असेल.

तिसऱ्या आठवड्यात ते आले. आधी त्या मुलाच्या घरी जाऊन आले होते. आमच्याशी बोलले नाहीत, थेट वर्गात गेले. पुढे हळूहळू बोलणे सुरू झाले.

गेल्या डिसेंबरात तिकिटांचा गठ्ठा आला तेव्हा आम्ही तो चाचांपुढे ठेवला. म्हटले, या वर्षी हिशेब तुम्ही बघा. त्यांनी चष्मा लावला, वर्गवार याद्या केल्या, मुलांना रांगेत उभे केले. एका पोराने विचारलेच, "चाचा, ये पैसे तुमकू मिलते क्या?" चाचा म्हणाले, "मेरेकू मेरी पेन्शन है. तू सुट्टा निकाल." संध्याकाळी त्यांनी पैसे आणि उरलेली तिकिटे मोजून आमच्या टेबलावर ठेवली आणि सांगितले की मागच्या वर्षीच्या आमच्या हिशेबात तीस रुपये कमी लागतात, ते आम्ही कुठे ठेवले ते उद्या सकाळपर्यंत शोधून ठेवावे.